दोनशे बारा पावलं

२३,१०८

गॅसच्या शेगडीपासून मोरीपर्यंत सात पावलं. वळायचं. मोरीपासून शेगडीपर्यंत परत सात. रामप्रसाद हातात चहाचा कप घेऊन असे हेलपाटे घालत होता आणि प्रत्येक वळणावर घोटभर चहा बशीत, थेंबभर फरशीवर सांडत होता. स्वयंपाकघर दहा बाय आठचं. शीला ओट्याशी अंग चोरून भाकरी थापत होती.

"अहो, एवढ्या फेऱ्या मारताच आहात तर पायाला फडकं बांधा," ती म्हणाली. "फरशी तरी पुसून होईल."

"हसू नको. कालच्यापेक्षा हजार जास्त झाली पाहिजेत."

"कामून पण?"

ह्या प्रश्नाचं उत्तर रामप्रसादकडं होतं. शीलाला सांगण्यासारखं नव्हतं.

घड्याळ आलं गणपतीत. दीपमाला, त्यांची एकुलती एक लेक, पुण्याहून चार दिवस आली आणि जाताना बापाच्या मनगटावर ते काळं रबरी घड्याळ बांधून गेली. "पप्पा, शुगर काठावर आहे तुमची. रोज सहा हजार पावलं. बास." बास हा शब्द ती स्पष्ट बोलली होती. शीला त्याला साक्षीदार आहे.

सहा हजार त्याला पहिल्याच आठवड्यात जमली. न जमायला काय झालं, बाप अजून मेंढरं राखतो, पोरपण सगळं कळपामागं गेलेलं. सहाची आठ झाली, दिवाळीत बारा, संक्रांतीला वीस. चितेगावच्या कंपनीत तो शिफ्टचा सुपरवायझर. कंपनीच्या बसमधून तो दोन थांबे आधी उतरायला लागला. जेवणाच्या सुट्टीत भाकरीची सुरळी करून ती खात खात गोडाऊनला चकरा मारायचा. गेटवरचा वॉचमन सुरुवातीला प्रत्येक चकरेला सलाम करायचा. तिसऱ्या दिवशी त्याचा हात भरून आला, त्यानं सोडून दिलं.

ठरवलेला आकडा पुरा झाला की घड्याळ मनगटावर थरथरायचं आणि काचेवर बारके बारके रंगीत फटाके उडायचे. एक्कावन्न वर्षांच्या माणसासाठी एवढ्या नेमानं कोण फटाके उडवतं?

ह्या सगळ्यात पायरी गेली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. पंचवीस वर्षं दोघं सकाळी साडेसहाला घराबाहेरच्या पायरीवर बसून चहा प्यायचे. आधी भाड्याचं घर होतं तेव्हा पायरी दगडाची होती, मग शहराच्याच सातारा परिसरात स्वतःचं झालं तेव्हा फरशीची झाली. बोलणं विशेष नसायचं. समोरच्यांच्या बोगनवेलीबद्दल. पाणी किती दिवसांनी येणार त्याबद्दल. आता शीला एकटी बसायची, आणि शेजारी त्याचा कप, वर बशी झाकलेली.

शीलाला मलमाच्या ट्यूबा कुठं कुठं सापडल्या

डाव्या बुटात.

देवघराच्या मागं.

कंपनीच्या डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बाटलीला खेटून.

उशीच्या अभ्र्यात.

तांदळाच्या डब्यात. (इथं मात्र ती चिडली. दोन दिवस भाताला गुडघ्याचा वास येत होता.)

शहागंज, तिसरा जोड

"क्या मामू," शहागंजातल्या बुटांच्या दुकानातले चाचा म्हणाले, "पाँच महिने में तीसरा जोडा? चलते हो कि जूते खाते हो?"

शीला हसली. रामप्रसाद नाही हसला. चाचांनी जुना जोड हातात घेऊन उलटा केला, नाकाजवळ नेऊन तळ बघितला आणि तो शीलासमोर धरला.

"ये देखो भाभी. बायाँ बराबर घिसा. दायाँ एक बाजू से गया. घुटना दुखरा इनका."

"नाही नाही," रामप्रसाद घाईघाईनं म्हणाला. "रस्ताच तिरका आहे आमच्याकडचा."

"दोनों पाँव एकीच रस्ते पे चले ना, मामू?"

शीलानं नवा जोड घेऊ दिला नाही. तिथूनच रिक्षा केली आणि त्याला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी उजवा गुडघा दाबला, वाकवला, फोटो काढला. पाणी झालंय म्हणाले. आतली गादी झिजायला लागलीय. "चालणं चांगलंच आहे हो. पण रोज अर्धा तास, सपाट रस्त्यावर, आणि आठवड्यातून दोन दिवस नुसता आराम. आता ऐकलंत तर गुडघा वाचेल. असंच रेटलंत तर वर्षभरात काठी, नाहीतर ऑपरेशन. मग सहाशे पावलांचीसुद्धा पंचाईत."

रामप्रसादनं मान हलवली. अगदी समजूतदार माणसासारखी हलवली.

दुसऱ्या दिवशी: २१,३४०

तिसऱ्या दिवशी

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याला बूट सापडेनात. पलंगाखाली नाहीत, गॅलरीत नाहीत. दार उघडलं तर शीला पायरीवर बसलेली. बुटांवर बसलेली. दोन्ही बुटांच्या नाड्या पदराखालून बाहेर आल्या होत्या.

"ऊठ."

"नाय उठत. आधी सांगा कामून चालताय एवढं. पटलं तर बूट देते."

तो उभाच राहिला. फाटकाकडं बघत राहिला. मग फाटकालाच सांगितल्यासारखं बोलला.

"मोतीदादा बावन्नचा होता."

मोतीराम त्याचा थोरला भाऊ. टेम्पो चालवायचा, पोलादासारखा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दोन दिवस दुखत होतं. गॅस झालाय म्हणाला आणि भाडं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सिल्लोडच्या अलीकडं एका टपरीसमोर टेम्पो लावला, बाकड्यावर बसला, चहा सांगितला. चहा आला तेव्हा तो घ्यायला मोतीदादा नव्हता. बसलेला होता, पण नव्हता.

"एक जूनला मला बावन्न पुरी होतात," रामप्रसाद म्हणाला. "मी बसलो ना शीला, चहा घेऊन असा निवांत बसलो, की मला वाटतं झालं. आता उठणार नाही. चालतोय तोवर आहे."

शीला उठली. बूट झटकले, त्याच्या पायाशी ठेवले. तो गेल्यावर मात्र तिनं त्याच्या कपातला चहा मोगऱ्याच्या कुंडीत ओतला आणि फोन लावला. सोयगावच्या अलीकडच्या माळावर, एकशे दहा मेंढरांमध्ये, एका टेकाडावर चढल्याशिवाय ज्याला रेंज येत नाही अशा माणसाला. चौथ्यांदा लागला.

बिरूचा फोन, संध्याकाळी

"रामा."

"बापू! तब्येत बरी ना?"

"मला काय धाड भरलीय. हाताखालचा फकिरा लग्नाला चालला आठ दिवस. कळपाला माणूस नाय. ये."

"येतो ना."

"बूट-बीट घालून येऊ नको, काटं असत्यात. चपला आण."

फोन बंद. रामप्रसादनं सुट्टी टाकली आणि सोयगावच्या बसमध्ये बसताना तो मनातून लई खूश होता. कळप म्हणजे दिवसभर चाल. आठ दिवसांत दोन लाख तर कुठंच गेली नाहीत. शीलानं पिशवीत गुडघ्याचा पट्टा ठेवला, शेंगदाण्याची चटणी ठेवली. सासऱ्यासाठी तंबाखू ठेवली, जी एरवी ती कधी ठेवत नसे. रामप्रसादच्या हे लक्षात यायला हवं होतं.

७,९४०

बिरू अठ्ठ्याहत्तरचा. बारीक, काळा, खांद्यावर घोंगडं, हातात स्वतःहून उंच काठी. मुलाला त्यानं आधी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मग परत पायाकडं आला.

"उजवा धरतोस तू."

"प्रवासानं आखडला."

"व्हय का."

पहिल्या दिवशी रामप्रसादची घोर निराशा झाली. कळप चालायचा कमी आणि थांबायचा जास्त. मेंढरं चरत चरत चारशे हात जायची, थांबायची. ऊन चढलं की लिंबाखाली बसायची ती तीन-तीन तास. बिरू त्यांच्या आधी बसायचा. रामप्रसाद लिंबाला गोल गोल चकरा मारायचा.

"बापू, किती बसायचं?"

"रवंथ करत्यात ती. उठवू?"

"मग तोवर आपण जरा..."

"आपण बी रवंथ करू. बस."

तो बसला नाही. चौऱ्याऐंशी चकरा झाल्या. मेंढरांनी आधी माना वळवून वळवून त्याच्याकडं बघितलं, मग त्यांनाही चक्कर आली असावी.

संध्याकाळी कळप रामकिसनच्या शेतात शिरला. तूर निघालेली, रान मोकळं. दोन रात्री मेंढरं तिथं बसवायची ठरली होती. बसवायची म्हणजे तेवढंच. जाळीच्या आत कळप रात्रभर बसतो, लेंड्या-मूत रानात मुरतं, शेतकऱ्याला त्यासारखं दुसरं खत नाही. बदल्यात तो ज्वारी देतो, चहा-भाकरी देतो, आणि कळप निघायला लागला की अजून एक रात्र राहा म्हणून धोतर धरतो.

"या रामप्रसादभाऊ," रामकिसन हात जोडून म्हणाला. "तुमच्या बापूंची मेंढरं म्हणजे शांत बसणारी. मागच्या साली दुसऱ्याचा कळप आणला. रात्रभर इकडून तिकडं. सगळं खत बांधावर."

रामप्रसाद घड्याळाकडं बघत होता. सात हजार नऊशे चाळीस. फटाके नाहीत.

"कळप कुणाच्या पायानं चालतो?" भाकरी मोडता मोडता बिरूनं मध्येच विचारलं.

लहानपणी हे त्याला शंभरदा विचारलं गेलं होतं. "सगळ्यात मागच्या मेंढीच्या," तो म्हणाला.

"ध्यानात हाय म्हणायचं."

२४,६१५

तिसऱ्या दिवशी बिरूला दात दाखवायला सोयगावला जायचं होतं. कळप रामप्रसादच्या हवाली. "नाल्यापर्यंत ने. पाणी पाज, बसव. ऊन कललं की ह्याच वाटेनं माघारी. काजळी गाभण हाय, दिवस भरलेत. तिच्याकडं बघ."

काजळी म्हणजे डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली मेंढी. पोट जमिनीकडं ओघळलेलं. चालायची ती एखादी बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चालते तशी.

नाल्यापर्यंत साडेतीन हजार झाली. मेंढरं पाणी प्यायली. ती बसायला लागली तेवढ्यात रामप्रसादच्या मनात आलं, पलीकडच्या टेकाडावर हिरवं दिसतंय. ही पोटभर चरतील, आपली पावलं पण होतील. त्यानं हाळी दिली. बसलेला कळप उठला. मेंढराला कुठं विचारायची सवय असते?

टेकाडावर काही नव्हतं, रुईचीच झाडं. मग अजून पुढं. मग टेकाडाला वळसा. गुडघा ठणकत होता, पण पट्टा आवळून बांधला होता आणि अठरा हजार, एकोणीस हजार असा आकडा चढत होता. बापाच्या कळपामागं बारा वर्षांचा असताना तो असाच पळायचा असं त्याला वाटलं. तो कळपाच्या पुढं होता, पण हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. मागं वळून बघितलं ते नाला परत लागल्यावर.

काजळी दिसेना.

ती दोनशे हात मागं होती. चारी पाय ताठ करून उभी, तोंड उघडं, जीभ काळपट. तो पळत तिच्याकडं निघाला. ती दोन पावलं त्याच्या दिशेनं आली, पुढचे गुडघे मोडले आणि भदकन कुशीवर पडली.

त्याच क्षणी मनगट थरथरलं. काचेवर लाल, निळे, पिवळे फटाके उडाले.

बिरू आला तेव्हा दिवस कलला होता. तो कुणावर ओरडला नाही. काजळीच्या पोटावर हात ठेवून, डोळे मिटून बराच वेळ बसला.

"पिल्लू हाय अजून आत," तो म्हणाला. "तिला हलवायचं नाय. उद्या तू बस तिच्यापाशी. घोंगड्याची सावली धर. घोट घोट पाणी पाज. मी कळप रामकिसनच्या रानात ठेवतो."

"जगेल?"

"बसून राहिली तर जगंल."

२१२

सकाळी सात. नाल्याच्या काठावर काठ्या रोवून घोंगडं ताणलंय. खाली काजळी. शेजारी रामप्रसाद, उकिडवा.

आठ. मनगट थरथरतं. काचेवर एक बारका माणूस हात हलवत धावतोय. घड्याळाचं म्हणणं, तासभर बसलात, उठा. रामप्रसाद उठतो.

काजळी पण उठायला लागते.

पुढचे पाय टेकवते, मान ताणते, सगळं अंग कापतं. मेंढपाळ उठला म्हणजे निघायचं, एवढंच तिला ठाऊक. तो चटकन खाली बसतो. ती त्याच्याकडं बघते, खात्री करून घेते, मग हळूहळू पाय दुमडते. धाप लागलेली.

नऊ. थरथर. तो बसून राहतो. काजळी कान हलवते.

दहा. सावली सरकते. घोंगडं सरकवायला उठावंच लागणार. तो बसल्या बसल्या ढुंगणानं सरकतो, काठी उपटतो, पुन्हा रोवतो. एक्कावन्न वर्षांचा सुपरवायझर. कुणी बघितलं असतं तर! कुणी नाही. काजळी बघते, पण उठत नाही.

अकरा. छातीत धडधड. हेच ते. बसलोय, निवांत, सावलीत, आता हेच होणार. मोतीदादाही असाच बसला होता. त्याला उठून पळावंसं वाटतं. पायाचे तळवे शिवशिवतात. पण त्याचं ढुंगण दोन बोटं जरी वर झालं तरी ती उठेल, आणि ती उठली तर आतलं जाईल. तो काजळीच्या पाठीवर हात ठेवतो. तिची बरगडी वर, खाली. धडधड तिची का आपली, कळत नाही. मग दोन्ही कमी होतात.

बारा. थरथर.

एक. शेंगदाण्याची चटणी, भाकरी. ओंजळीतून तिला पाणी.

दोन. तो झोपतो. खरंच झोपतो, तोंड उघडं टाकून.

चार. जाग येते. तो आहे. ती पण आहे. रवंथ करतेय. सकाळपासून पहिल्यांदा.

पाच. गुडघ्याकडं लक्ष जातं. दुखत नाही असं नाही, पण ठणकत नाही. पाच महिन्यांत असं झालं नव्हतं.

मोजणी

अंधारायच्या आत बिरू आला. काजळीला रवंथ करताना बघून त्यानं नुसतं "हं" केलं आणि लेकाशेजारी टेकला. घड्याळ थरथरलं.

"काय म्हणतंय ते?"

"उठा म्हणतंय."

"त्याला सांग, मेंढी बसलीय."

रामप्रसाद हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं बापाला सगळं सांगितलं. मोतीदादाची बावन्न. एक जून. बसलं की वाटणारं भ्या.

बिरू ऐकत राहिला. मग म्हणाला, "एक जून कुणी सांगितलं तुला?"

"दाखल्यावर आहे. एक जून चौऱ्याहत्तर."

"आरं, गावातल्या समद्या पोरांचं एक जूनच हाय. शाळेत घातलं की गुरुजी लिवायचा. तू दुष्काळातला. गवताची काडी नव्हती म्हणून कळप घेऊन खानदेशात उतरलो होतो, तिथं झालास तू. दिवाळीच्या पुढं."

"बहात्तरचा दुष्काळ?"

"मंग कोणता?"

"मग चौऱ्याहत्तर कसं लिहिलं?"

"तू बारका दिसायचास. गुरुजीनं बारका लिवला."

रामप्रसादनं बोटांवर हिशेब केला. बहात्तरची दिवाळी. म्हणजे ह्या दिवाळीलाच त्रेपन्न झाली. म्हणजे बावन्नावं सगळं वर्ष, सगळंच्या सगळं, येऊन गेलं. त्या वर्षात त्यानं काय केलं होतं? दीपमालाच्या नोकरीचे पेढे वाटले. गच्चीला पत्रा टाकला. आणि घड्याळ येईपर्यंत रोज सकाळी साडेसहाला पायरीवर बसून चहा प्यायला.

"पण मोतीदादा?" तो एकदम म्हणाला.

"मोती तुझ्याहून चार वर्सांनी मोठा. त्याचं बी गुरुजीनंच लिवलं."

"म्हणजे तो बावन्नचा नव्हता. चौपन्न, पंचावन्न... म्हणजे मला अजून दोन वर्..."

बिरूनं काठीचं टोक त्याच्या मांडीवर हलकंच मारलं.

"लागला पुन्यांदा मोजाया."

नाल्यापलीकडं रामकिसनच्या रानातून मेंढरांचा आवाज येत होता.

"मेंढरू दुखलं की मागं पडतं," बिरू म्हणाला. "मागं पडलं की मला कळतं. मी थांबतो. मोतीचं दोन दिस दुखत होतं, आणि तो समद्यांच्या पुढंच चालत राह्यला. मला कसं कळावं, सांग." त्यानं पदराच्या टोकासारखं घोंगड्याचं टोक डोळ्यांना लावलं. "तुझं बी दुखतंय. मला शीलानं सांगावं लागलं."

रामप्रसादला तेव्हा तंबाखू आठवली.

"आणि फकिराचं लग्न?"

"फकिराचं कशाचं लग्न. त्याला घरी बसवलाय मी."

नवव्या दिवशी, फोनवर

"रामा, काजळीला कोकरू झालं. बारकं हाय. पण पितंय."

"काय नाव ठेवायचं?"

"मेंढराला कोण नाव ठेवतं."

"काजळीला ठेवलंच ना तुम्ही."

"ती येगळी." थोडा वेळ नुसता वारा. "बारक्याच म्हणतो मी त्याला. तुझ्यावरनं."

त्यानंतर

घड्याळ त्यानं फेकून दिलं नाही. लेकीनं दिलेलं आहे, फेकतो कशाला. आकडा सहा हजारांवर आणला, तोही गुडघ्यातलं पाणी उतरल्यावर, डॉक्टरांना विचारून. आठवड्याचे पाच दिवस, सपाट रस्ता. बुधवार आणि रविवार घड्याळ खुंटीला. पहिल्या बुधवारी त्याला अन्न गोड लागलं नाही. संध्याकाळी तो खुंटीपाशी जाऊन उगाच उभा राहिला. शीलानं त्याला लसूण सोलायला बसवलं.

चालायला ती सोबत येऊ लागली. तिची चाल म्हणजे चार पावलं आणि एक थांबा. कुणाच्या दारात रांगोळी, कुणाची सून आलेली, भाजीच्या गाडीवर मेथी. आधी तो पुढं जाऊन कोपऱ्यावर जागच्या जागी पाय हलवत उभा राहायचा. मग मागं मागं राहायला लागला.

"असं मागून कामून येताय?" तिनं एकदा विचारलं. "चोरासारखं."

"कळप मागच्याच्या पायानं चालतो. मी पुढं गेलो आणि तू मागं पडलीस तर मला कळायचं नाही..."

ती कमरेवर हात ठेवून वळली. "म्हणजे मी मेंढी का?"

"नाही गं."

"नाही कसं? सरळ सरळ मेंढी म्हणालात."

"ह्या हिशेबात मागं मी आहे. मेंढी मी."

तिनं थोडा विचार केला आणि तिला ते पटलं. पुढचे दोन दिवस तिनं त्याला मेथी निवडल्यावर उरलेले देठ दाखवून "हे घ्या" म्हटलं.

एक जून

पाच वाजताच जाग आली. दाखल्यावरचा वाढदिवस, खोटा, पण भीतीला कुठला दाखला बघायचा असतो? सोमवार होता, चालायचा दिवस. त्यानं घड्याळ बांधलं, बूट घातले, आणि नाड्या बांधून झाल्यावर तो दारातच थबकला. छातीवर हात ठेवून बघितला. उजव्या गुडघ्यावर ठेवून बघितला. कुणी काही तक्रार करत नव्हतं.

शीला चहा घेऊन बाहेर आली आणि दोघं पायरीवर टेकले. दोन कप, कुठल्याच कपावर बशी नाही. दीपमालाचा फोन येऊन गेला होता. पप्पा, पार्टी पाहिजे, पण साखर नको. समोरच्यांच्या बोगनवेलीला उन्हाळ्यानं जाळलं होतं, तरी एका फांदीला चार फुलं होती, त्याबद्दल बोलणं झालं. पाणी उद्या येणार का परवा, त्याबद्दल झालं.

मग मनगट थरथरलं.

सवयीनं त्याचं अंग उचललं गेलं. पुरता उठलाही नव्हता, गुडघ्यावर हात टेकून दोन बोटं वर झाला असेल नसेल.

शेजारी शीला लगेच पदर सावरून, अर्धा चहा तसाच कपात ठेवून, उठायला लागली. डाव्या हातानं पायरीचा आधार घेत. त्याच्याकडं बघत.

तो खाली बसला.

तीही बसली. कप परत उचलला, फुंकर घातली.

"काय झालं?" तिनं विचारलं. "जायचं नव्हतं का?"

"जाऊ की," रामप्रसाद म्हणाला. "तुझा चहा होऊ दे."